काटापावती आहे, पण साक्षीला कोण येणार?

प्रश्न: बायकोने माझ्यावर, आईवर आणि चाळीसगावला दिलेल्या बहिणीवर मारहाण व छळाची फिर्याद दिली आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ८५, ११५(२), ३५२, ३५१(२). घरी संध्याकाळी मारले म्हणते. त्या वेळी मी सावद्याला केळीची गाडी भरत होतो, काटापावती (वजनकाट्याची पावती) आहे. पोलिसांची नोटीस आली. काय करू?
– एक वाचक, यावल

उत्तर: आधी नोटीस. कलम ८५ (बायकोचा छळ) अजामीनपात्र असले तरी शिक्षा ३ वर्षांपर्यंतची आहे. अशा गुन्ह्यात सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. म्हणून अटकेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, हजर राहण्याची नोटीस येते. दिलेल्या तारखेला जा आणि हजेरीची पोच घ्या. टाळलीत तर अटकेला कारण तुम्हीच दिलेत. तरी धास्ती वाटत असेल, तर सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२चा अटकपूर्व जामीन मागता येतो.

आता पावती. तिच्यावर गाडीचा नंबर, वजन आणि वेळ असते. तुम्ही तिथे होता हे ती सांगत नाही. त्यात यावल-सावदा फैजपूरमार्गे तासाभराच्या आतले अंतर. ‘मी तिथे नव्हतोच’ हे सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, म्हणून मारहाणीच्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा वेळही भरून निघाला पाहिजे. काटेवाला, व्यापारी, ड्रायव्हर यांपैकी साक्षीला कोण येईल ते ठरवा. काट्यावर कॅमेरा असेल तर चित्रण आजच मागा, नंतर ते पुसले जाते. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल.

जखमेच्या दाखल्यात तपासणीची वेळ, जखम किती तासांपूर्वीची, कोणत्या अंगाला, हे फिर्यादीशी ताडून पाहा. बहिणीबद्दल तारीख-कृत्य काहीच नसेल, नुसते ‘सर्वांनी छळले’ असेल, तर तिच्यापुरती फिर्याद रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात टिकू शकतो. तुमच्या स्वतःच्या बाबतीत ती आशा कमी.

दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा) अर्ज करायचा असतो. बरेच जण ही मुदत घालवतात.

उलटतपासात नेहमी एक चूक होते. फिर्यादी कोर्टात नवीच गोष्ट सांगते, वकील ‘हे पोलिसांना सांगितले नव्हते ना?’ विचारून थांबतात. तोच प्रश्न पुढे तपास अधिकाऱ्याला विचारून त्याच्या तोंडून वदवून घ्यावा लागतो, नाहीतर ती तफावत सिद्ध होत नाही.

आणि मेव्हण्यामार्फत समजुतीचे निरोप धाडू नका. साक्षीदारावर दबाव म्हणून जामीन रद्द करण्याचा अर्ज त्यावरच येतो.