गेम कंपन्यांनी डीएलसीचे, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या जादा भागाचे, वेगळे पैसे घ्यावेत का?

घ्यावेत, पण नवं काम केलं असेल तरच. ‘द विचर ३’चा २०१६ मधला ‘ब्लड अँड वाइन’ म्हणजे नवा प्रदेश, नवं कथानक. त्याचे पैसे रास्तच. उलट २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये १२ पात्रं आधीच डिस्कवर होती, नुसतं कुलूप उघडायला जादा पैसे! ही सरळ लुबाडणूक.

दापोली-गुहागरकडे मोबाइल डेटावर उतरवणार असाल तर आधी साइझ बघा. मूळ गेम ज्या प्लॅटफॉर्मवर, डीएलसीही त्याचंच घ्या. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात परतावा १४ दिवसांत मागता येतो. डीएलसी घेतल्यावर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला हवा, डीएलसीतलं काही वापरून संपलेलं नसावं. मुदत खरेदीपासून मोजतात. पावसात चार दिवस लाइट नसली तरी ती थांबत नाही.