काकूंच्या घरचा वरण-भात आणि एनसीएए

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी टेनिस खेळते. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी पहिल्याच आठवड्यात फोन केला, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचं म्हणून. मुलीने कोचच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, आधी कॉम्प्लायन्स ऑफिसला मेल कर. काकूंना वाईट वाटलं. मला हसावं की रडावं कळेना. वरण-भात खायला परवानगी लागते? – एक आई, पुणे

उत्तर : हसा. पण मेल करायला सांगा. अशा मेलना उत्तरं देणारी बाई मीच होते. एका विद्यापीठाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडूंसाठीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कचेरीत, एकोणीस वर्षं हेच केलं, आणि जेवणाबद्दल जितके प्रश्न यायचे तितके कशाबद्दलच येत नसत.

अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. डिव्हिजन वन हा तिचा सगळ्यात वरचा गट. तिच्या नियमपुस्तकात सोळावं प्रकरण पुरस्कार, लाभ आणि खर्चाचं. ते वाचायला बसलात तर रात्र सरेल. पण त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : ही गोष्ट बाकीच्या विद्यार्थ्यांनाही मिळते, की हिला खेळाडू म्हणून मिळते? खेळाडू म्हणून मिळत असेल तर पुढचा प्रश्न : देतंय कोण? विद्यापीठाने नियमात बसवून दिलं तर चालतं. बाहेरच्याने दिलं तर घोटाळा.

म्हणून काकूंची चौकशी. स्वयंपाक कसा करतात याची नाही, त्या आहेत कोण याची. त्यांनी किंवा काकांनी विद्यापीठाच्या खेळ विभागाला कधी देणगी दिली आहे का? बूस्टर क्लबचे, म्हणजे खेळ विभागाला पैशांनी हातभार लावणाऱ्या चाहत्यांच्या मंडळाचे, सभासद आहेत का? पुष्कळ ठिकाणी फुटबॉलची चांगली सीझन तिकिटं हवी असतील तर आधी देणगी द्यावी लागते. काका हौशी असतील तर त्यांनी ती दिलेली असते आणि विसरलेलीही असते. एकदा बूस्टर म्हणून नाव लागलं की ते जन्मभर पुसलं जात नाही, नियमात अगदी तसंच लिहिलेलं असे.

काकू बूस्टर नसतील, आणि दर शुक्रवारी टेनिस न खेळणारी आणखी चार मराठी पोरंही त्यांच्या टेबलाशी बसत असतील, तर माझ्या मते काळजीचं कारण नाही. गणपतीत मंडळाचा महाप्रसाद असतो, तो तर सगळ्यांनाच असतो. तिथे बिनधास्त दोन मोदक जास्त घ्यावेत. काकू बूस्टर निघाल्या तर मात्र आमच्या वेळचा नियम असा होता : अधूनमधून, स्वतःच्या घरी जेवायला घालता येतं, न्यायला-सोडायला गाडीही पाठवता येते, पण हॉटेलात नेऊन बिल भरता येत नाही. आणि ‘दर शुक्रवारी’ला अधूनमधून म्हणत नाहीत.

मी स्वतः नोकरीत असताना एका मराठी जलतरणपटू मुलाला पाडव्याला घरी बोलवायचं होतं. विद्यापीठाची नोकर म्हणून नियम मलाही लागू. तेव्हा मीच अर्ज लिहिला, कारणाच्या रकान्यात ‘पुरणपोळी’ लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी मंजूर केला, खाली शेरा मारला : म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी डब्यात दोन नेऊन दिल्या. त्यांना कुठला नियम आडवा येणार!

तुम्हाला हे सगळं हास्यास्पद वाटत असेल. पूर्वी याहून जास्त होतं. शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला दिवसाची तीन जेवणं किंवा त्याचे पैसे, मध्ये खायला फळं, सुकामेवा आणि बेगल. बेगल म्हणजे मधे भोक असलेला घट्ट पाव. तो कोरडा दिला तर अल्पोपाहार, त्याला क्रीम चीज फासलं की जेवण! यावर मोठाल्या पगाराची माणसं बैठका घेत. आणि शिष्यवृत्ती नसलेली, स्वतःच्या खर्चाने संघात खेळणारी पोरं तर त्या तीन जेवणांतही नसत. ओक्लाहोमा विद्यापीठाने एकदा स्वतःहून कळवलं, की आमच्या तीन खेळाडूंनी समारंभात पास्ता प्रमाणाबाहेर खाल्ला. प्रत्येकाने ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय संस्थेला देऊन त्याचं प्रायश्चित्त घेतलं. बातमी झाल्यावर एनसीएएने सांगितलं, किती वाढून घ्यावं याचा आमचा नियमच नाही. धास्ती अशी होती.

मग २०१४चा एप्रिल आला. कनेक्टिकट विद्यापीठ बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि त्यांचा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगून बसला की काही रात्री मी उपाशीपोटी झोपतो. ज्या स्पर्धेच्या प्रक्षेपणातून कोट्यवधी डॉलर येतात, तिचा नायक भुकेला! बदलाची चर्चा आधीपासून चालू होती हे खरं, पण आठवड्याभरातच एनसीएएच्या समितीने मंजुरी दिली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून डिव्हिजन वनच्या सगळ्या खेळाडूंना, शिष्यवृत्ती असो नसो, विद्यापीठाने हवं तितकं खायला घालायची मुभा मिळाली. त्यामुळे तुमच्या मुलीची उपासमार होणार नाही. वरण-भात मात्र त्या डायनिंग हॉलमध्ये मिळत नाही, आणि काकूंची खरी किंमत तिथेच आहे.

मेलमध्ये काकूंचं नाव, ओळख कशी झाली, आणखी कोण जेवायला असतं, एवढं लिहायला सांगा. उत्तर आलं की ते जपून ठेवायला सांगा.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा खेळतो. थोडीफार बक्षिसाची रक्कम मिळते. अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायचं तर पैसे घेतलेले चालत नाहीत असं ऐकलं. आतापर्यंतचे परत करायचे का? – नाशिकचे एक वडील

उत्तर : परत कोणाला करणार! घाबरू नका. टेनिसला बरीच वर्षं खास सवलत होती. कॉलेजात पूर्णवेळ दाखल होण्याआधी, एका कॅलेंडर वर्षात १० हजार डॉलरपर्यंत बक्षिसाची रक्कम घेता येत असे. त्यावर गेलं तर त्या त्या स्पर्धेच्या प्रत्यक्ष खर्चाइतकीच. या नियमावरूनच नॉर्थ कॅरोलायनाच्या रीझ ब्रँटमायर या टेनिसपटूने २०२४मध्ये एनसीएएला कोर्टात खेचलं. यूएस ओपनमध्ये शाळकरी वयात कमावलेले पैसे सोडायला लागले, हे तिचं म्हणणं. हा नियम हलत्या जमिनीवर आहे, तेव्हा मुलगा ज्या वर्षी जाईल त्या वर्षीचा वाचा. कुणा एजंटाने छापलेलं माहितीपत्रक वाचू नका.

तुम्ही आज करायचं काम वेगळं आहे. एक वही घाला. प्रत्येक स्पर्धेला एक पान : मिळाले किती, एंट्री फी, रेल्वे किंवा विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग, फिजिओ, कोचची फी. पावत्या तिथेच चिकटवा. मी अशा फायली तपासल्या आहेत. आई-वडिलांच्या आठवणीवर विसंबलेली फाईल महिनोन्‌महिने अडकते, पावत्यांची वही आणणाऱ्याचं काम एका बसणीत होतं. एका कोल्हापूरच्या आईने तर रिक्षाची भाडीसुद्धा लिहिली होती. पावती कुठली असणार, पण तारीख-वार होती. मला त्या बाईंना नोकरीवर ठेवावंसं वाटलं.

सरकारी रोख बक्षिसाचं पुढे निघेल म्हणून सांगते. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेतल्या कामगिरीबद्दल आपल्या देशाने दिलेली रक्कम परदेशी खेळाडूंनाही ठेवता येते, हा बदल २०१५चा. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग टेक्सास विद्यापीठात शिकत होता. २०१६ला रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने फेल्प्सला मागे टाकलं, मायदेशाकडून १० लाख सिंगापूर डॉलर घेतले आणि परत येऊन विद्यापीठासाठी पोहत राहिला. पण जिल्हा पातळीवरच्या सत्कारात आमदारांनी दिलेलं पाकीट त्यात धरू नका. तेही वहीत लिहा.

प्रश्न : मावशी, आमच्या टीमने कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांची स्पर्धा, जिंकली. नावासकट मोठी रिंग, म्हणजे विजेतेपदाची अंगठी, मिळाली. माझी आजी म्हणते मला दे, मी देवघरात ठेवीन. दिली तर चालेल? शिवाय माझा रूममेट म्हणतो अशा रिंगला ऑनलाईन भाव येतो. – बी.एस.चा विद्यार्थी, डिव्हिजन वन

उत्तर : आजीकडे ठेव. रूममेटकडे लक्ष देऊ नकोस.

२०१०च्या डिसेंबरात ओहायो स्टेटच्या पाच फुटबॉलपटूंना पाच-पाच सामन्यांची बंदी झाली. त्यांनी रिंगा, जर्सी, मानचिन्हं विकली होती आणि टॅटूवाल्याकडून सवलतीत टॅटू गोंदवून घेतले होते. कोचना आधीच कळलं होतं, त्यांनी दडवलं. पुढच्या मे महिन्यात जिम ट्रेसेल यांना पद सोडावं लागलं. विजेत्या कोचची नोकरी टॅटूपायी गेली.

आज तुला हे विचित्र वाटेल, कारण १ जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःचं नाव, चेहरा विकून पैसे कमावू शकतात. ६ जून २०२५ला खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरच्या आसपास मर्यादा. ते टॅटूवाले पाच जण दहा वर्षं लवकर जन्मले, असं मी ऑफिसात म्हणायचे. पण तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. तुझा अमेरिकन रूममेट जाहिरातीची रील करून पैसे घेईल, तू केलीस तर ते काम ठरू शकतं आणि प्रकरण एनसीएएकडून इमिग्रेशनकडे जातं. तिथे ३ डॉलर ८३ सेंट देऊन सुटका नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

प्रश्न : मुलीला बाहेरगावच्या मॅचला जाताना जेवणाचे रोख पैसे देतात. उरले तर परत करायचे का? आणि आम्ही तिची मॅच बघायला गेलो तर विद्यापीठ काही करतं का? – आई-वडील, ठाणे

उत्तर : उरले तर तिचे. विद्यापीठ एक तर जेवण देतं, नाहीतर त्याचा भत्ता. फक्त एकाच जेवणाचे दोन्ही घ्यायचे नसतात. टीमबरोबर बसून जेवली असेल तर त्या जेवणाचा भत्ता घेऊ नये.

यावरून आठवलं. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला रात्रीच्या पॅसेंजरने जायचो, ट्रंकांवर बसून. मॅनेजर सर व्हाउचरवर सही घ्यायचे एका आकड्यावर आणि हातात ठेवायचे दुसराच. आम्हाला तोच नियम वाटायचा. पहिल्यांदा अमेरिकेत एका पोरीने माझ्यासमोर सही करण्याआधी नोटा मोजल्या, तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

तुमच्या विमानाचं भाडं विद्यापीठ देत नाही. २०१५पासून बास्केटबॉलच्या अंतिम चार संघांतल्या खेळाडूंच्या कुटुंबाला प्रत्येकी ३ हजार डॉलरपर्यंत प्रवासखर्च मिळू लागला, पण टेनिसच्या साध्या सामन्याला तसलं काही नाही. मॅचला तिकीट असेल तर मुलीच्या नावावर मोफत प्रवेश मिळू शकतो, माझ्या वेळी एका सामन्याला चार असत. आधी नावं द्यावी लागतात. घरात कुणी अत्यवस्थ झालं तर मुलीला घरी यायच्या खर्चासाठी मदतनिधी आहे. तो मागायला आपली मुलं लाजतात, तेव्हा हे आत्ताच तिला सांगून ठेवा.

आणि कुणी न विचारलेलं एक. शिष्यवृत्तीतला फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. एफ-वन विद्यार्थ्याच्या त्या भागातून साधारण १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे त्यातले काही परत मिळू शकतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, १०४०-एनआर. सोबत फॉर्म ८८४३, तो कमाई शून्य असली तरी भरायचा. बऱ्याच विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मोफत शिबिर असतं. नेमकी त्याच वेळी टेनिसची पोरं दौऱ्यावर असतात, म्हणून तारीख जानेवारीतच विचारून ठेवायला सांगा.