'द ट्वायलाइट झोन' लोक आजही का पाहतात?

साठ वर्षांपूर्वीची कृष्णधवल अमेरिकन टीव्ही मालिका, अवकाशयानं उघड उघड खोटी, तरी लोक 'द ट्वायलाइट झोन' अजून का पाहतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते याचं बरंचसं श्रेय त्या काळच्या जाहिरातदारांना जातं. अर्थात, त्यांचा तसा काही इरादा नव्हता!

मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग आधी टीव्हीसाठी वास्तववादी नाटकं लिहायचा. 1955 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि गोरे आरोपी निर्दोष सुटले. त्यावरून सुचलेलं त्याचं नाटक 1956 मध्ये पडद्यावर आलं, तोवर प्रायोजकांनी त्याचा पार चोथा केला होता. कथा दक्षिणेतून उचलून ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडात नेली, मेलेला माणूस कुठला तरी परदेशी ठरवला, आणि दक्षिणेची आठवण नको म्हणून सेटवरच्या कोकाकोलाच्या बाटल्याही हटवल्या. मग 1959 पासून सर्लिंगने या मालिकेत तेच विषय परग्रहवासीयांच्या आडून मांडले. तिथे कुणाला हरकत घ्यायचं सुचलं नाही.

पण नावगाव गाळावं लागलं म्हणूनच या गोष्टी शिळ्या झाल्या नाहीत. 1960 चा मेपल स्ट्रीटवरचा भाग बघा. संध्याकाळी गल्लीतली वीज जाते, गाड्या बंद पडतात. मग एकाच्याच घरी दिवा कसा लागला, अमका रात्री आकाशाकडे का बघत बसतो, अशी कुजबुज सुरू होते आणि बघता बघता शेजारी शेजाऱ्यावर उठतात. 1950 च्या दशकात जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचं नाव कुठेच नाही. मला तर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला.

दुसरं म्हणजे लांबी. अर्ध्या तासात कथा सुरू होऊन संपते. 1963 मध्ये चौथ्या पर्वाचे भाग तासाभराचे केले, तर बरेचसे पाणी घातल्यासारखे झाले. पाचव्यात पुन्हा अर्ध्या तासावर आले.

सगळंच थोर आहे असं नाही. एकूण 156 भागांपैकी 92 सर्लिंगने एकट्याने लिहिले, त्यामुळे पात्रं मधूनच भाषण ठोकतात. विनोदी भाग तर खुशाल गाळा. सुरुवात 1961 च्या 'द इन्व्हेडर्स'पासून करा. एकाकी घरातली एक बाई आणि छपरावर उतरलेले इवलेसे पाहुणे. त्या बाईचं काम करणारी ॲग्नेस मूरहेड अख्ख्या भागात एकही वाक्य बोलत नाही. शेवट आधी वाचू नका.