नाक्सोस बेटावर जुलैमध्ये स्कूटर भाड्याने घेणे सुरक्षित आहे का?

आपण विचारले आहे की, आपण दोघे पन्नाशी ओलांडलेले पती-पत्नी जुलैमध्ये आठवडाभर ग्रीसमधील नाक्सोस बेटावर राहणार आहात, गर्दी सुरू होण्याआधीच्या शांत सकाळी तिथली गावे पाहायची आहेत, पुण्यात रोज दुचाकी चालवण्याची सवय आहे, तर तिथे स्कूटर भाड्याने घ्यावी की नाही. माझे उत्तर असे आहे की अवश्य घ्यावी, मात्र सकाळी सात ते अकरा एवढ्याच वेळेपुरती. आणि ज्या रिकाम्या रस्त्याच्या ओढीने आपण निघणार आहात, त्या रिकामेपणाचीच सर्वांत जास्त धास्ती बाळगावी.

मीही पुण्याची आहे, चाळीस वर्षे दुचाकी चालवते आहे, आणि अशाच एका जुलैमध्ये मी व माझे पती त्या बेटावर दहा दिवस राहिलो होतो.

सकाळचा आग्रह केवळ शांततेसाठी नाही, वाऱ्यासाठीही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला वादळाची शंकाही येत नाही. बहुतेक दिवशी तो सकाळी मंद असतो आणि दुपारी चढत जातो. तिथले हवामानाचे अंदाज वाऱ्याचा जोर बोफोर्ट या मापाने सांगतात. ६ बोफोर्ट म्हणजे ताशी सुमारे ३९ ते ४९ किलोमीटर. डोंगराच्या आडोशातून उघड्या वळणावर येताच असा झोत हलक्या स्कूटरला एका बाजूने ढकलतो आणि मागे माणूस बसलेला असेल तर हँडल सावरणे कठीण जाते. रात्री झोपण्यापूर्वी अंदाज पाहावा आणि आकडा ६ किंवा त्याहून अधिक असेल, तर दुसऱ्या दिवशी डोंगरात जाऊ नये, असा नियम आम्ही पाळला.

तिथे उन्हाळ्यात रात्री अकरा ते सकाळी सात आणि दुपारी तीन ते साडेपाच हे कायद्याने शांततेचे तास आहेत. जुलैमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे उजेड होऊनही पाऊण तास गाव निजलेले असते. आम्ही त्या वेळी खोरा या मुख्य गावातून चालत बंदराकडे जात असू. बंदराजवळच्या लहानशा बेटावर, जमिनीला बांधाने जोडलेले, अपोलोच्या अपूर्ण राहिलेल्या मंदिराचे संगमरवरी दार उभे आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले. त्या चौकटीतून समोर गाव पांढरे होत जाताना पाहावे, परत येऊन स्कूटर हाताने ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावी आणि सात वाजल्यानंतरच सुरू करावी.

आता रिकाम्या रस्त्याविषयी. ग्रीसमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, हे आपल्याला ठाऊक असणारच. मलाही ठाऊक होते. पहिले तीन दिवस मी बिनचूक चालवले, कारण खोराच्या आसपास पुढेमागे वाहने असतात आणि त्यांच्यामागून गेले की बाजू आपोआप बरोबर राहते. चौथ्या दिवशी फिलोती गावाच्या अलीकडे एका लहान चर्चपाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. दहा मिनिटे रस्त्यावर एकही वाहन नव्हते, फक्त बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. स्कूटर सुरू करून मी रस्त्यावर आले ती थेट डाव्या बाजूला, आणि अर्धा किलोमीटर तशीच निर्धास्त गेले. मागे बसलेल्या पतींच्याही ते लक्षात आले नाही, कारण त्यांनाही तीच बाजू स्वाभाविक वाटत होती. वळणावर समोरून टोमॅटोचे क्रेट भरलेला एक पिकअप आला. चालकाने करकचून ब्रेक लावला, मी कडेला ओढले, पुढचे चाक खडीवर गेले आणि आम्ही दोघे आडवे झालो. माझे कोपर व गुडघा सोलवटला, पतींच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. त्याहून जास्त काही झाले नाही. त्या वृद्ध चालकाने उतरून आमची स्कूटर उचलून उभी केली, माझ्या हातावर पाणी ओतले आणि ‘सिगा, सिगा’ एवढेच म्हटले. सिगा म्हणजे हळू, सावकाश.

पुण्यात डावी बाजू आपल्याला आठवावी लागत नाही, भोवतीची वाहने ती धरायला लावतात. तिथल्या सकाळी असे कोणीच नसते, म्हणून चाळीस वर्षांची सवय हातांचा ताबा घेते, आणि तीही विशेषतः थांबून पुन्हा निघताना: पेट्रोल भरल्यावर, फोटो काढल्यावर, गावातल्या एकेरी गल्लीतून बाहेर पडल्यावर. त्यानंतर आम्ही ठरवले की प्रत्येक वेळी निघताना मागच्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचे, पुढच्याने ते उच्चारायचे आणि मगच रेस द्यायची. रस्त्याची मधली रेषा नेहमी आपल्या डाव्या हाताशी असली पाहिजे, ही खूण मला फार उपयोगी पडली. डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते आणि चौकातल्या वर्तुळाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरावे लागते, हेही विसरू नये.

रस्ता स्वतः फसवा आहे. चुनखडी आणि संगमरवराची खडी वापरलेले डांबर वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने गुळगुळीत होते आणि पहाटेच्या दवाने निसरडे बनते. वळणाच्या आतल्या कडेला खडी साचलेली असते. किनिदारोस गावाजवळ संगमरवराच्या खाणी आहेत, त्यामुळे त्या बाजूला ट्रक असतात. प्लाका किनाऱ्यामागच्या रस्त्यावर वाळू येते. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. खोराहून डोंगराकडे जाताना सकाळचे ऊन डोळ्यांवर येते, म्हणून हेल्मेटची काच स्वच्छ हवी.

वळणावळणांवर आपल्याला खांबावर बसवलेली, काचेचे दार असलेली छोटी देवळे दिसतील. आत संतांचे चित्र आणि तेलाचा दिवा असतो. पहिले काही दिवस मी त्यांना साधी देवस्थाने समजत होते. आमच्या घरमालकीणबाईंनी नंतर सांगितले की त्यांतली कितीतरी, त्या जागी अपघातात गेलेल्या किंवा वाचलेल्या माणसांसाठी घरच्यांनी बांधलेली आहेत. आतल्या दिव्याला ग्रीकमध्ये ‘कांदिली’ म्हणतात; आपला कंदील अरबी-फारसीतून आला, पण त्याचे मूळही याच शब्दकुळात आहे. तेव्हापासून असे देऊळ दिसले की मी वेग कमी करत असे.

कागदपत्रांत हयगय करू नये. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा आणि त्यात मोटारसायकलच्या वर्गापुढे शिक्का आहे याची खात्री करावी. केवळ मोटारीचा शिक्का असूनही एखादा दुकानदार चावी देऊ करेल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल. प्रवास विम्यात दुचाकीचा अपघात धरला आहे का, हे लेखी विचारावे, कारण गंभीर दुखापतीला बेटावरून हेलिकॉप्टरने अथेन्सला हलवण्याची वेळ येऊ शकते. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. हेल्मेट दोघांनाही बंधनकारक आहे. पुण्यात आपण त्याबाबत जी चालढकल करतो ती तिथे मुळीच करू नये. दुकानात पट्टा आवळून पाहावा, सैल हेल्मेट परत द्यावे. पूर्ण पँट आणि बूट घालावेत, कितीही उकडले तरी.

हालकी गाव खोरापासून सुमारे १६ किलोमीटरवर आहे आणि माझ्या मते सकाळच्या फेरीला तेच सर्वांत योग्य. तिथे कित्रो नावाचे मद्य म्हाळुंगाच्या पानांपासून बनवतात आणि चाखायला देतात. ग्रीसमध्ये दुचाकीस्वारासाठी रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.२ ग्रॅम, म्हणजे मोटारचालकाच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणून चालवणाऱ्याने चाखू नये, बाटली डिकीत ठेवून खोलीवर आणावी. अपिरांथोस या डोंगरातल्या गावाच्या संगमरवरी गल्ल्या पाहायच्याच आहेत, पण त्यासाठी खोराहून बस जाते; त्या दिवशी स्कूटर दुकानातच राहू द्यावी.