वक्फ, तहकूब आणि आपला वकूब

प्रश्न असा आला आहे: "मराठवाड्यातल्या आमच्या गावच्या एका सात-बाऱ्यावर 'वक्फ' अशी नोंद आहे. हा शब्द मुळात कशावरून आला? त्याच्याऐवजी 'देवस्थान इनाम' किंवा 'धर्मादाय' म्हटलं तर चालेल का? आणि 'वक्फ बोर्डाची जमीन' हे बरोबर आहे का?"

'वक्फवरून गदारोळ, कामकाज तहकूब' अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या ओळीतले वक्फ आणि तहकूब हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत.

अरबीत व-क-फ या धातूचा अर्थ थांबणे, उभे राहणे. हजच्या वेळी अरफातच्या मैदानात थांबण्याचा जो मुख्य विधी आहे त्याला 'वुकूफ' म्हणतात. आपल्याकडे मिळणारी कुराणाची छापील प्रत उघडून पाहा. ओळींच्या डोक्यावर अधूनमधून बारीक, सुटी अक्षरे दिसतील. ती पठणाच्या थांब्यांची चिन्हे, म्हणजेच वक्फच्या खुणा. छोटा 'मीम' दिसला की थांबायलाच हवे. 'जीम' असेल तर थांबा किंवा पुढे जा, दोन्ही चालते. म्हणजे वक्फ हा आधी 'थांबा' आहे. दानधर्माचा अर्थ त्यातूनच निघाला.

मिळकतीच्या बाबतीत थांबवायचे ते हस्तांतर. मालक आपली जमीन, घर किंवा दुकान असे बांधून टाकतो, की ते पुढे विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही आणि वारसांत वाटलेही जात नाही. उत्पन्न मात्र वाहते राहते: मशिदीला, मदरशाला, मुसाफिरांना, गोरगरिबांना. याचा दाखला म्हणून पुढे दुसरे खलिफा झालेले हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरला मिळालेल्या जमिनीची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची आठवण, नेहमी सांगतात. तिचे काय करू, असे त्यांनी विचारले तेव्हा पैगंबरांनी सांगितले ते थोडक्यात असे: मूळ अडवून ठेव आणि फळ वाट. त्या हदीसमध्ये 'अडवणे' यासाठी 'हब्स' हा धातू आहे, आणि उत्तर आफ्रिकेत वक्फला आजही त्यावरूनच 'हबूस' म्हणतात. मोरोक्कोत तर हबूस आणि इस्लामी बाबींचे मंत्रालय आहे.

आता मराठीतली भावंडे. 'तहकूब' हा शब्द कोशकार 'तवक्कुफ' म्हणजे खोळंबा, थांबणे याच्याशी जोडतात. 'मौकूफ'चा झाला 'मोकूब': बंद केलेला, रद्द केलेला. हा आता जुन्या कागदांतच भेटतो. पण वक्फच्या कायद्यात ज्या मिळकतीचा वक्फ झाला तिलाही मौकूफच म्हणतात. 'वुकूफ'चा झाला 'वकूब' आणि 'वाकिफ'चा 'वाकब', त्यावरून 'वाकबगार'. सगळीकडे शेवटच्या फ चा ब झालेला दिसेल. वक्फचा मात्र 'वकब' झाला नाही. माझ्या मते त्याचे कारण असे, की तो बाजारातून तोंडोतोंडी आला नाही, काझीच्या आणि कचेरीच्या कागदातून आला, म्हणून त्याचे शेवटचे अक्षर शाबूत राहिले.

थांबण्यातून समज कशी आली, असे कोणी विचारेल. एखाद्या गोष्टीपाशी थांबला तो ती जाणतो, म्हणून वाकिफ म्हणजे जाणकार. गंमत अशी की वक्फ करणारा दाताही वाकिफच. 'वाकनीस' हा मात्र या कुटुंबातला नव्हे. तो 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट यावरून आला. दिसायला सारखा आहे, म्हणून घोटाळा होतो.

वक्फचा कारभार पाहणारा तो मुतवल्ली. हा शब्द परका वाटत असेल तर 'त्याला कोणी वाली उरला नाही' हे वाक्य आठवा, मूळ तेच. मुतवल्ली मिळकतीचा वाली असतो, मालक नव्हे. मग मालक कोण? यावर सुन्नी धर्मशास्त्रातल्या हनफी पंथाच्या आचार्यांतच वाद झाला. इमाम अबू हनीफांच्या मते मालकी दात्याकडेच राहते. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद म्हणाले, ती अल्लाहकडे जाते. भारतातल्या न्यायालयांनी शिष्यांचे मत धरले.

म्हणून 'वक्फ बोर्डाची जमीन' हा प्रयोग सैल आहे. बोर्ड देखरेख करते, नोंद ठेवते, हिशेब मागते. महाराष्ट्राच्या मंडळाची कचेरी छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीच्या आवारात आहे. दर्ग्याच्या आश्रयाला असलेल्या फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पाण्याच्या जोरावर दळण दळणारी ती जागा. पत्ता अगदी शोभतो. 'वक्फची जमीन' किंवा 'वक्फ जमीन' म्हणा, बोर्डाला मालक करू नका.

'देवस्थान इनाम' म्हणता येईल का? सरसकट नाही. इनाम राज्यकर्ता देतो, वक्फ मालक आपल्या मालमत्तेचा करतो. पण मराठवाड्यात गुंता आहे. निजामी अमलात मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी 'खिदमतमाश' म्हणून कागदावर आल्या. माश म्हणजे चरितार्थ. सेवा करा आणि त्यावर पोट भरा, असा करार. १९९५च्या कायद्याने धर्मकार्यासाठीच्या अशा सेवेच्या देणग्याही वक्फच्या व्याख्येत घेतल्या. तेव्हा तुमच्या सात-बाऱ्यावर 'इनाम' आणि 'वक्फ' हे दोन्ही शब्द असतील तर ती तलाठ्याची चूक समजू नका.

'धर्मादाय' जवळचा आहे, पण फार ऐसपैस. शिवाय वक्फ नेहमी परक्यांसाठीच असतो असेही नाही. 'वक्फ अलल औलाद' हा आपल्याच वंशजांच्या निर्वाहासाठी, आणि वंश खुंटला की धर्मकार्यासाठी. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, असा एक वक्फ अवैध ठरवला. धर्मकार्याचा भाग नावापुरता आणि फार दूरचा, असे त्यांना वाटले. त्यावर मुस्लिम समाजात मोठी नाराजी झाली आणि जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३चा कायदा आला. त्याने कौटुंबिक वक्फ पुन्हा वैध केला. 'धर्मादाय' लिहिले तर हा सगळा भाग शब्दाबाहेर राहतो. मला विचाराल तर आपल्याकडे जवळचे क्रियापद 'सोडणे' हे आहे, देवाला सोडलेला वळू असतो तसे. पण कागदावर वक्फच लिहावे.

प्रयोगाचे म्हणाल तर 'सभा तहकूब केली' तसेच 'जमीन वक्फ केली'. नाम म्हणून पुल्लिंगी: 'त्यांनी वक्फ केला', 'तो वक्फ जुना आहे'. अनेकवचन उर्दूत 'औकाफ', मराठीत 'वक्फ'च पुरे. ज्या कागदाने वक्फ केला तो 'वक्फनामा'. बोलताना बहुतेकांच्या तोंडी 'वकफ' येते, आणि जोडाक्षराच्या मध्ये एक अ सरकवायची आपली सवयच आहे. लिहिताना तेवढा तो अ गाळा.