हिरवट छटा की हिरवी झाक?

दादरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मित्राच्या चित्रप्रदर्शनाबद्दल लिहिताना त्यांनी 'वडिलांच्या व्यक्तिचित्रात गालावर हिरवट छटा फार सुंदर आहे' असं लिहिलं. केलं होतं कौतुक, पण मित्र फुगला. शब्द चुकला का?

चुकले दोन, पण त्यात 'छटा'चा गुन्हा किरकोळ. छटा म्हणजे एकाच रंगाच्या फिक्या-गडद पायऱ्या. एका रंगावर दुसराच रंग डोकावतो, ती झाक. गव्हाळ गालावर हिरवं दिसलं तर झाक म्हणणं चपखल. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतोच, त्यावरून कोणी रुसत नाही.

रुसवा आहे तो 'हिरवट'मधल्या 'ट'वर. रंगपेटीत पिवळसर आणि पिवळट शेजारीशेजारीच सापडतील. पण साय पिवळसर आणि दात पिवळट. चाफा पिवळसर आणि चार पावसाळे पाहिलेली चाळीची भिंत पिवळट. कळकट, मळकट, मातकट, तेलकट यांच्या संगतीत हा 'ट' बदनाम झालाय. 'गुलाबट' तेवढा कसाबसा सोवळा राहिला. चेहरा हिरवट म्हटलं की मला तरी आधी आजारी माणूस दिसतो, चित्र नंतर.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र आठवा. (ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि लोक ते अजूनही राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात.) एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, खालून चेहऱ्यावर आलेला उजेड. त्या उजेडाला पिवळसर म्हणा, तांबूस म्हणा. 'तांबूस'मध्ये तर ऊबच आहे, पहाटेची किंवा भाकरीच्या पापुद्र्याची. पिवळट म्हणून बघा, तिला कावीळ होईल.

मुंबईच्या जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर एकदा एका चित्रकाराला मी विचारलं होतं, या बाईंची हनुवटी खालून हिरवट का? ब्रश न थांबवता तो म्हणाला, "हिरवट नाही हो, साडीचा उजेड पडलाय." बाईंची साडी पोपटी होती.

तेव्हा वाक्य असं करा: 'गालावर बाहेरच्या झाडांची हिरवी झाक आलीय.' झाडांऐवजी जे असेल ते घाला. मात्र वडील अंथरुणाला खिळलेले असतानाचं चित्र असेल, तर 'हिरवट'च राहू द्या आणि मित्राला तसं सांगा.