तुझ्या आजीनं काहीच नाही शिकवलं?

प्रिय मनू,

शनिवारी मैत्रिणीकडून आलीस आणि बूट काढता काढता विचारलंस, "तिची आजी तिला हुला शिकवते, तो हवाईचा नाच. तुझ्या आजीनं तुला काहीच नाही शिकवलं?" मी "आधी हात धू" म्हणाले. चुकलंच. पण लागलं गं ते.

शिकवलं होतं. आम्ही त्याला नाच म्हणत नव्हतो, खेळ म्हणायचो. बेबीमावशीच्या मंगळागौरीला मी सात वर्षांची. जागरणाची रात्र. आजीनं पदर खोचला, हातांची अढी घालून माझे हात धरले. "पावलं जुळव, मागं रेल. हात सोडलास तर दोघी आपटू." फुगडी, मग झिम्मा, पिंगा, बसफुगडी, मला गरगरायला लागलं तरी साठीची ती बाई थांबेना. धाकटी काकू तेवढी दाराशी बसून होती. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिला कुणी ओढलं नाही, मीही नाही. हे तुला सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

आणि ज्याला सगळे नाचच म्हणायचे, ती लावणी. रेडिओवर लागली की आजी आवाज कमी करायची. बंद नाही करायची हं! जत्रेत तमाशाला पुरुष जायचे, आम्ही अंथरुणात पडून लांबची ढोलकी ऐकायचो. "चांगल्या घरातल्या मुली" हे शब्द तेव्हा इतके ऐकलेत की अजून कानाला टोचतात. पुढे यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीच्या लावणीचं चित्रण पाहिलं. बसल्या जागी एकच ओळ घोळवायची आणि दर खेपेला डोळ्यांनी, हातांनी तिचा वेगळा अर्थ दाखवायचा. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, तोवर त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

हुलाचे हातही गोष्टच सांगतात ना? तोही एकदा असाच वाईट ठरला होता. हवाईत राणी काआहुमानूनं १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. १८८३ मध्ये राजा कालाकाऊआनं स्वतःच्या राज्याभिषेकात तो सन्मानानं करवला. म्हणजे आवाज कमी करणाऱ्या आज्या तिकडेही असणार.

क्लास-बिस लावत नाहीये, घाबरू नकोस. हॉलमधला गालिचा फक्त गुंडाळून ठेवलाय. यावंसं वाटलं तर मोजे काढून ये, त्या फरशीवर पाय सटकतो. नाहीतर रविवारी परत पसरू.

आई